पार्श्वभूमी: ग्रीडला जोडण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि खाली कोयनेचा जलाशय. वीज दोन्हीकडची ५० हर्ट्झचीच, पण ग्रीडला हिसका बसला की दोघांचं वागणं वेगळं. कोयनेचं अवजड जनित्र फिरतच असतं. त्याच्या गतीतली थोडी ऊर्जा त्या क्षणी आपोआप ग्रीडकडे जाते, कुणी बटण दाबावं लागत नाही. सुरुवातीच्या पिढीतल्या पवनचक्क्या मात्र व्होल्टेज पडलं की जीव वाचवायला ग्रीडमधून बाहेर पडायच्या. तेव्हा जगभर तीच रीत होती. चार-दोन पवनचक्क्या सुटल्या म्हणून बिघडत काय होतं?

नवं केंद्र जोडण्याआधी करायचा अभ्यास मुळात उलट बाजूने सुरू झाला. प्रश्न एवढाच होता, की ग्रीडला हे झेपेल का? ग्रीडचे धक्के केंद्राला झेपतील का, हा प्रश्न नंतरचा. १९२९च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅनालायझर’ उभा राहिला. खोलीभर मांडलेली ती ग्रीडची छोटी प्रतिकृतीच होती. एकेका वाहिनीच्या जागी कॉइल, रेझिस्टर, कपॅसिटर. नवं केंद्र जोडून पाहायचं तर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी इकडच्या तिकडे खोचायच्या आणि मीटर वाचायचे. १९५६ साली वॉर्ड आणि हेल या अभियंत्यांनी कुठल्या वाहिनीतून किती वीज जाईल हे गणित डिजिटल संगणकावर बसवलं, आणि १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट यांनी न्यूटनची पद्धत वापरून ते मोठ्या ग्रीडसाठी चालतं केलं. तपासण्या आजही त्याच: कुठली वाहिनी ओव्हरलोड होते, शॉर्ट सर्किट झालं तर सबस्टेशनचा ४० किलोअँपिअरचा ब्रेकर तो प्रवाह तोडू शकेल का, आणि ४०० केव्हीवरचा बिघाड १०० मिलिसेकंदांत दूर झाल्यावर जनित्र बाकीच्यांच्या तालात राहील का.

ग्रीडही यंत्राला मारू शकते, हे १९७० आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कळलं. मोहावे कोळसा केंद्रातल्या एका संचाचा पोलादी शाफ्ट दोनदा निकामी झाला. लांब वाहिनीतून जास्त वीज जावी म्हणून बसवलेल्या सीरिज कपॅसिटरचे हेलकावे आणि शाफ्टचा स्वतःचा पीळ यांचा ताल जुळला होता, झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळत राहावा तसा.

आपल्याकडे बराच काळ चिंता वेगळी होती. विभागीय ग्रीड सुट्या होत्या आणि प्रत्येकीची फ्रिक्वेन्सी आपापल्या मर्जीची. म्हणून दक्षिणेशी देवाणघेवाण करायला चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १,००० मेगावॉटचं ‘बॅक-टू-बॅक’ केंद्र उभारलं गेलं: एका बाजूने एसी घ्यायचा, मध्ये डीसी करायचा, दुसऱ्या बाजूला पुन्हा एसी. वीज पलीकडे जाते, हेलकावे जात नाहीत. ३० आणि ३१ जुलै २०१२ला हा शहाणपणा दिसला. बिना–ग्वाल्हेर वाहिनीवरच्या रिलेने (बिघाड ओळखून वाहिनी तोडणाऱ्या उपकरणाने) जादा भारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली आणि दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व, ईशान्य अशा तिन्ही ग्रीड कोसळल्या. दक्षिण मात्र वेगळी असल्यामुळे वाचली. त्यानंतर १७ महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०१३ला, रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने तिलाही एका फ्रिक्वेन्सीत बांधलं. माझ्या मते भारतातली सर्वांत धाडसाची ‘नवी जोडणी’ तीच.

प्रश्न खऱ्या अर्थाने उलटला तो २८ सप्टेंबर २०१६ला, दक्षिण ऑस्ट्रेलियात. वादळाने पारेषणाचे टॉवर आडवे केले आणि दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज पडलं. नऊ पवनऊर्जा केंद्रं पहिले धक्के पचवून उभी होती. पण त्यांतल्या आठांच्या कंट्रोलमध्ये एक मोजणी दडलेली होती: दोन मिनिटांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त वेळा व्होल्टेज पडलं, तर माघार घ्यायची. मोजणी भरली आणि सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट गेले. ती तूट भरून काढताना शेजारच्या व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या वाहिनीवर असह्य भार आला, ती तुटली आणि सगळं राज्य अंधारात गेलं. साडेआठ लाख ग्राहक. ग्रीड चालवणाऱ्यांना या मोजणीचा पत्ताच नव्हता. त्यांच्याकडच्या संगणकी मॉडेलमध्ये ती नव्हती. नंतर सेटिंग बदलणं अगदी सोपं निघालं, याचाच जास्त त्रास होतो.

आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने तोवर पहिलं पाऊल टाकलेलं होतं. २००७च्या जोडणी मानकांत २०१३ साली दुरुस्ती झाली. पवनऊर्जा केंद्रांनी व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्के इतकंच उरलं तरी ३०० मिलिसेकंद जोडलेलंच राहायचं, असं ठरलं. २०१९च्या दुरुस्तीने सौर केंद्रांनाही अशा अटी लागू केल्या. आता विकासकाला आपल्या इन्व्हर्टरचं, म्हणजे डीसीची एसी करून ग्रीडला देणाऱ्या यंत्राचं, मॉडेलही द्यावं लागतं, आणि ते लाटेचा मायक्रोसेकंदांतला आकार दाखवणारं असावं लागतं. जुनी सरासरीवर चालणारी मॉडेलं तिथे आंधळी ठरतात. अडचण अशी, की उत्पादक आतलं कंट्रोल उघड करत नाहीत. मॉडेल सीलबंद डब्यासारखं येतं. अभ्यास करणारा बाहेरून धक्के देतो आणि डबा काय करतो ते बघतो.

एवढं सगळं वीज देणाऱ्यांसाठी. घेणाऱ्याला परंपरेने विचारलं जातं ते, किती मेगावॉट हवेत आणि कधीपासून. १० जुलै २०२४ला अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्ही वाहिनीवर ८२ सेकंदांत सहा वेळा बिघाड झाला आणि डेटा सेंटरांचा सुमारे १,५०० मेगावॉट भार एकदम गळाला. यूपीएस मोजत होते: मिनिटभरात तीनदा व्होल्टेज पडलं की बॅकअपवर जायचं आणि माणसाने परत जोडेपर्यंत तिथेच थांबायचं. पुन्हा तीच मोजणी, फक्त वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला. या वेळी वीज कमी पडली नाही, उरली. व्होल्टेज चढलं आणि ते उतरवायला, व्होल्टेज उचलून धरणाऱ्या कपॅसिटर बँका काढाव्या लागल्या. महाराष्ट्राची ग्रीड सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्र नवी मुंबईतल्या ऐरोलीत आहे आणि त्याच ऐरोली–महापे पट्ट्यात डेटा सेंटरांच्या इमारती वाढताहेत. त्यांच्या यूपीएसची मोजणी कितीवर थांबते, हे जोडणीच्या अर्जातच विचारायला हवं.