पार्श्वभूमी : मराठवाड्यातला इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा नाद

परभणीसारख्या गावात एखादा हौशी वादक थेरमिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य घेऊन बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हात न लावता हे वाजायलंय कसं?" दुसरा प्रश्न जरा टोचणारा. हे वाद्य आपल्याकडचं नाही, मग कशाला हा उद्योग? पहिल्याचं उत्तर तांत्रिक आहे. दुसऱ्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि माझ्या मते ते देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, सुरू होतं.

तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव हा श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आलेले. जमाखर्च सांभाळणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा ज्याला आपला आधार मानतात असा हा ग्रंथ. सात अध्यायांपैकी सहावा अख्खा वाद्यांवर आहे. दौलताबादचा किल्ला बघायला येणाऱ्यांना चांदमिनार, मेंढा तोफ, अंधारी सगळं दाखवलं जातं. शार्ङ्गदेवाचं नाव तिथे माझ्या कानावर कधी पडलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच्या ग्रंथातला एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. श्रुती, म्हणजे सप्तकातली स्वरांची बारीक अंतरं, बावीसच का, हे कानाला पटवून देण्यासाठी तो बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायला सांगतो. एक ध्रुववीणा, तिला हात लावायचा नाही. दुसरी चलवीणा, तिचे स्वर एकेका श्रुतीने उतरवत जायचे. उतरवता उतरवता चलवीणेचा एखादा स्वर ध्रुववीणेच्या खालच्या स्वरात मिसळून जातो, आणि किती अंतर तोडलं ते कळतं. ही कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातही आहे, पण बावीस तारा लावून तिला मांडणीचं रूप दिलं ते शार्ङ्गदेवाने. एक स्थिर, एक हलतं, आणि ऐकायचा तो दोघांमधला फरक.

आता थेरमिनकडे या. १९२०च्या सुमारास रशियात लेव थेरमिन नावाचा तरुण पदार्थशास्त्रज्ञ वायूंचे गुणधर्म मोजायचं यंत्र बनवत होता. आपला हात जवळ गेला की यंत्राचा आवाज बदलतो, हे त्याच्या लक्षात आलं. तो चेलो वाजवायचा, म्हणून त्याला त्यात वाद्य दिसलं. १९२२ साली त्याने ते लेनिनला वाजवून दाखवलं, १९२८ साली अमेरिकेत पेटंट घेतलं. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारी मंडलं, असतात. समजा एक सेकंदाला ३,००,००० कंपनं करतो आणि दुसरा ३,००,४४०. दोन्ही कानाच्या पलीकडचे, पण त्यांच्यातला ४४० चा फरक स्पीकरमधून ऐकू येतो. पहिला स्थिर ठेवलेला असतो. दुसरा अँटेनाशी जोडलेला, आणि वाजवणाऱ्याच्या हाताच्या अंतराने तो सरकतो. डावा हात दुसऱ्या, कड्यासारख्या अँटेनावर आवाज लहान-मोठा करतो.

शार्ङ्गदेवाला थेरमिन ठाऊक होता असं मी मुळीच म्हणत नाही. असले दावे ग्रंथाचा मान कमीच करतात. पण ज्या मातीत ध्रुव आणि चल वीणांचा विचार मांडला गेला, तिथल्या माणसाला थेरमिन परका वाटायचं कारण नाही, एवढं मी नक्की म्हणतो.

मराठवाड्याच्या कानाला घसरता स्वर नवा नाहीच. देवीच्या गाण्यांत वाजणारं चौंडकं जवळून बघा. पोकळ नळा, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली तार. वाजवणारा एका हाताने तार छेडतो आणि दुसऱ्याने तिचा ताण वाढवतो, सोडतो. ताण वाढला की स्वर चढतो, सैल झाला की ओघळतो. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. स्वर कुठे थांबवायचा हे हात आणि कान मिळून ठरवतात. थेरमिनवर नेमकं हेच करावं लागतं. शेजारी तुणतुणं एकच स्वर धरून असतंच.

याच्या उलट पेटी. युरोपातून आलेली, एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात हातपेटीचं रूप घेतलेली. तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. तोवर आमच्याकडच्या भजनी मंडळांनी पेटी इतकी आपली केली होती की ती कधी बाहेरून आली हेच लोक विसरले. सिंथेसायझरला, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्राला, परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रेडिओही इथे लवकर आला. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानी मुलखात पाच रेडिओ केंद्रं होती, त्यातलं एक निजामाच्या अमलातलं औरंगाबाद. पुढे घराघरात ट्रान्झिस्टर आले. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावताना दोन स्टेशनं एकमेकांवर चढली की जी वर-खाली जाणारी शिट्टी ऐकू यायची, तीही दोन कंप्रतांमधल्या फरकाचीच. थेरमिन कधी न पाहिलेल्या पिढीने त्याचं तत्त्व असं रोज ऐकलं होतं.

इलेक्ट्रॉनिक वाद्याचा सूर म्हणून गावोगाव पोचली ती मात्र बीन. १९५४च्या 'नागिन' चित्रपटातली ती धून कल्याणजींनी क्लाव्हिओलिन या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती, सोबत रवी यांची पेटी होती. वरातीतल्या बँडने ती उचलली आणि आजतागायत सोडलेली नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाईंसारख्या संगीतातल्या मंडळींनी तिथे काम केलं, पण ते भिंतींबाहेर फारसं पडलं नाही. १९८२ साली मुंबईच्या चरणजितसिंग यांनी रोलंड या जपानी कंपनीच्या ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ या सिंथेसायझरवर, टीआर-८०८ या तालयंत्राच्या साथीने दहा राग वाजवले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती आणि त्यांनी ती मींडेसाठी वापरली. ती तबकडी तेव्हा कुणी विचारली नाही. जगाला तिचं महत्त्व कळायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

मराठवाड्यात हे सगळं पोचलं ते ऑर्केस्ट्रा आणि भीमगीतांच्या मंचावरून. कॅसिओने १९८०पासून स्वस्त कीबोर्ड काढले, आणि आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला लोक 'कॅसिओ'च म्हणू लागले. रोलंडचा पहिला ऑक्टापॅड १९८५चा. आठ रबरी चौकोन, काठी मारली की आवाज. १४ एप्रिलच्या जयंतीला, १४ जानेवारीच्या नामांतर दिनाला विद्यापीठ गेटवर, गणपती-नवरात्रात मंचाच्या एका कडेला पॅडवाला उभा असतो, आणि लोकांचं लक्ष गायकाकडे असतं. मला वाटतं, इथल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा खरा इतिहास या कडेच्या माणसाने घडवला.

कारण हे यंत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ना हलगी होती ना संबळ. रोलंडच्याच एसपीडी-२० सारख्या पॅडवर आमच्या वादकांनी त्या घडवल्या. एखादा कोंगाचा नाहीतर टॉमचा आवाज घ्यायचा, त्याचा पिच, म्हणजे स्वराची उंची, उतरवायचा, मागे रेंगाळणारी शेपूट छाटायची, वर दुसरा कडक टिचकीसारखा आवाज चढवायचा, मग दोन्हींची पातळी कानाने जुळवायची. याला ते 'पॅच बनवणं' म्हणतात. आवाजाचे घटक वेगळे करून नवा आवाज जोडायचा, हेच काम मूगच्या स्टुडिओत तारा खोचून होत असे. हलगीचा पॅच जमला की नाही याची परीक्षा प्रेक्षक घेतात : पोरं नाचायला उठली तर जमला.

आज हौशी माणसाला थेरमिन बनवायला सुरुवात करणं सोपं आहे. सीडी-४०९३ ही स्वस्त चिप, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, तांब्याची तार; सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतं. खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये. उन्हाने भाग तापले की ऑसिलेटर सरकतात आणि दुपारी लावलेला षड्ज संध्याकाळी दुसरीकडेच सापडतो. पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी कपाटाजवळ तर सूर लागतच नाही. अर्थिंग चांगलं हवं, आणि ऐकणाऱ्यांनी चांगलं लांब बसायला हवं.

त्याहून तातडीचं काम पॅचचं आहे. अहमदाबादच्या स्टुडिओतल्या टेप संग्रहात राहिल्या. इथल्या पॅडवाल्याने जुनं मशीन विकलं की त्याची हलगी मशीनबरोबर जाते. म्हणून ओळखीच्या वादकांकडून मी कोणता आवाज, पिच किती, शेपूट किती, हे आकडे वहीत उतरवून घेतोय. काही जण मोकळेपणाने सांगतात. काही जण "धंद्याची गोष्ट हाय" म्हणून हसून टाळतात, आणि त्यांचंही बरोबर आहे : एका चांगल्या पॅचवर अख्ख्या सीझनच्या सुपाऱ्या मिळतात.