साथ कळायला किती दिवस लागले?

साथीला तोंड द्यायला कोणता देश किती सज्ज आहे, हे मोजणाऱ्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकाची पहिली यादी ऑक्टोबर 2019 मध्ये आली. 195 देश, 140 प्रश्न, 100 पैकी गुण. अमेरिका 83.5 गुणांनी पहिली, भारत 46.5 गुणांवर 57वा. चार महिने उलटतात न उलटतात तोच अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने राज्यांना पाठवलेल्या कोविड तपासणीच्या किट सदोष निघाल्या आणि मोक्याचे काही आठवडे हातचे गेले. प्रयोगशाळा आहेत, तज्ज्ञ आहेत, याचे गुण मिळतात. चाचणी नेमकी कधी हातात पडेल, ते गुणपत्रिकेवरून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची 2016 पासूनची पाहणी त्यापेक्षा खोलात जाते. देश आधी स्वतःला 19 विषयांत 1 ते 5 गुण देतो, मग बाहेरचे तज्ज्ञ येऊन उलटतपासणी करतात. पण ती ऐच्छिक आहे, आणि पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरलेलेच असते.

म्हणून 2021 मध्ये मांडलेली 7-1-7 ही कसोटी जास्त कामाची वाटते. साथ सुरू झाल्यापासून 7 दिवसांत ती लक्षात यावी, 1 दिवसात जबाबदार आरोग्य यंत्रणेला कळवली जावी आणि पुढच्या 7 दिवसांत सुरुवातीची सगळी कामे पुरी व्हावीत. इथे गुण नाहीत, फक्त तारखा.

बडोद्यात लावून पाहू. समजा, विश्वामित्रीचा पूर ओसरला आहे. नळाला पाणी ठरावीक वेळच येते. बाकी वेळ पाइपातला दाब पडतो आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. रावपुऱ्यात जुलाब-उलट्या सुरू होतात. पावसाळ्यात जुलाब असायचेच, म्हणून पहिल्या रुग्णाची तारीख धरत नाहीत. नेहमीच्या आकड्यापेक्षा रुग्ण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तो दिवस धरायचा. तो 2 तारीख मानू. प्रत्येक खासगी डॉक्टरकडे चार-पाच जण सलाइनवर आहेत, पण सगळ्यांची बेरीज कुणीच करत नाही. 8 तारखेला आरोग्य सेविकेच्या नोंदीत एकाच गल्लीतले सहा रुग्ण दिसतात: 6 दिवस, पास. महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळते 10 तारखेला: 2 दिवस, नापास.

आता तिसरा टप्पा. पथक पाठवणे, रुग्णांचे विश्लेषण, प्रयोगशाळेची खात्री, उपचार आणि संसर्ग रोखणे, पाण्यावरचे उपाय, लोकांना माहिती, विभागांचा समन्वय. सातपैकी सर्वांत शेवटी संपलेल्या कामाची तारीख धरतात. बहुतेक कामे तीन दिवसांत उरकली आणि जीवाणूचा अहवाल 19 तारखेला आला, तर टप्पा 9 दिवसांचा. नापास.

अहवाल का रखडतो? कॉलऱ्याचा संशय असताना नमुना प्रतिजैविक सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो; बरेचदा दोन गोळ्या पोटात गेल्यावर आठवण होते. शौचाचा स्वॅब कॅरी-ब्लेअर माध्यमात (जीवाणू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या नळीतल्या द्रव्यात) बुडवून खोलीच्या तापमानाला पाठवायचा असतो. घशाच्या स्वॅबची सवय झालेला कर्मचारी तो बर्फात ठेवतो. विषाणूचा नमुना 2 ते 8 अंशांत टिकतो. कॉलऱ्याच्या जीवाणूला मात्र थंडी सोसत नाही. मग काहीच वाढत नाही, अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि पुन्हा नमुने घ्यावे लागतात. पाण्याचे उपाय तोवर थांबवायचे नसतात: नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन आहे का, ते क्लोरीन असेल तर पाणी पिवळे करणाऱ्या ओटी द्रावणाने तिथल्या तिथे तपासता येते. पाणी पिवळे झाले नाही, तर क्लोरीन पोचलेलेच नाही.

उशिराचे कारण लिहिताना ‘मनुष्यबळ अपुरे’ या शेऱ्याचा उपयोग नाही. ‘केंद्रावर कॅरी-ब्लेअरच्या नळ्या नव्हत्या’, ‘खासगी डॉक्टरांनी कुणाला फोन करायचा ते ठाऊक नव्हते’ असे लिहावे लागते. नळ्यांची मागणी त्याच आठवड्यात करता येते आणि फोन नंबर त्याच दिवशी दवाखान्यात लावता येतो.