चीफ ठरवायचा कोणी? आकान लोकांतल्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

पश्चिम आफ्रिकेतल्या घानात, तिथल्या आकान समाजात, चीफवरून (म्हणजे परंपरेने चालत आलेल्या प्रमुखावरून) वाद पेटला की "सरकारी मान्यता आहे का?" हा प्रश्न येतोच, आणि सगळा घोळ याच शब्दाचा आहे. गावाचा ओडिक्रो, त्याच्यावर ओहेने, सगळ्यात वर ओमानहेने अशी चीफांची उतरंड असते, तिच्या तपशिलात जात नाही.

आपण गादीवर बसला म्हणतो, तिकडे स्टुलावर बसला म्हणतात. वारसा आईच्या घराण्याकडून, नाव सुचवणार ओहेमा, जिला इंग्रजांनी क्वीन मदर करून टाकलं (ती चीफची आईच असते असं नाही, बहीण किंवा मावशीही चालते), आणि पसंती मोठ्या जाणत्यांची. नव्या माणसाला पूर्वजाच्या काळ्या केलेल्या स्टुलावर तीनदा हलकेच टेकवतात. नकोसा झाला तर त्याच्या चपला काढून घ्यायच्या, अनवाणी पाय जमिनीला लागला की खेळ खल्लास. म्हणजे बसवणारे तेच आणि उठवणारेही तेच.

इंग्रजांनी इथेच बोट घातलं. १८८३ च्या कायद्यात चीफला काढायचा अधिकार गव्हर्नरकडे गेला, १८९६ मध्ये असांतेचा (आकानांतलंच एक बलाढ्य राज्य) राजाच उचलून नेला, १९०० मध्ये गव्हर्नरने असांतेची राजधानी कुमासीत जाऊन सोन्याचं स्टूल (त्यांच्या राज्याची पवित्र खूण) मागितलं आणि युद्ध ओढवून घेतलं. स्टूल काही मिळालं नाही. राजा १९२४ ला परत आला तो साधा नागरिक म्हणून.

पण माझ्या मते खरी मोडतोड १९५७ च्या स्वातंत्र्यानंतरची, कारण आता घानाचं स्वतःचंच सरकार. अक्येम अबुआक्वा या दुसऱ्या आकान राज्याच्या ओमानहेनेची मान्यता १९५८ मध्येच गेली, विरोधी पक्षाला साथ दिली म्हणून, आणि १९५९ च्या कायद्याने सरकार मानेल तोच चीफ असं पक्कं झालं. मर्जीतल्यांना बढती मिळाली, मग १९६६ ला सत्तापालट झाल्यावर नव्या लष्करी सरकारने डिक्री (हुकूम) काढून त्याच लोकांना परत खाली आणलं! स्टूल तेच, गाव तेच, कागद तेवढा बदलला. १९७९ च्या संविधानाने मान्यतेची भानगड काढून टाकली, १९८५ ला लष्करी राजवटीने परत आणली, १९९२ च्या संविधानाने असा अधिकार कुणालाही द्यायला संसदेलाच मनाई केली.

चीफांच्या नावांचं रजिस्टर मात्र राहिलंय. २००८ च्या कायद्याप्रमाणे त्यात नाव चढल्याशिवाय चीफ म्हणून कायदेशीर काम करता येत नाही. ते मंत्र्याकडे नसून चीफांच्याच संस्थेकडे असतं हे खरं, पण तीनदा टेकवलेला माणूस तोवर लटकलेलाच.