गाडीत ४८, वेधशाळेत ४४: खरा आकडा कोणता?

‘भुसावळला गाडीत तापमान ४८ अंश होतं, सरकार ४४ सांगतं,’ हे खान्देशात मे महिन्यात हमखास ऐकू येतं. आकडा कुणी दाबत नाही. गाडीचा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरमागे असतो. उन्हात उभ्या गाडीत तापलेलं डांबर आणि इंजिनाची धग तो आकडा फुगवतात. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो. दार उत्तरेला, म्हणजे ऊन आत शिरत नाही. शहरांची तुलना याच आकड्यांवर करा. जळगावची उंची सुमारे २०० मीटर, नाशिकची ६००च्या आसपास. हजार मीटर वर गेलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं, तरी दोन्ही शहरांतल्या फरकातले अडीच अंश निव्वळ उंचीचे. आणि ४४ काही कमी नव्हे, जिवावर बेततं! घरी मोजताना तापमापक पत्र्या-भिंतीपासून दूर, वाहत्या वाऱ्यात, सावलीत टांगा.