जीवनसत्त्व ई आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी

जीवनसत्त्व ई हा मेदात विरघळणाऱ्या आठ संयुगांचा गट आहे : अल्फा, बीटा, गॅमा व डेल्टा टोकोफेरॉल आणि याच चार प्रकारांची टोकोट्रायनॉल. हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांनी १९२२ मध्ये या जीवनसत्त्वाचा शोध लावला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर या संयुगांचा परिणाम एकसारखा होत नाही. त्यामुळे ‘जीवनसत्त्व ई कर्करोग रोखते’ हे सरसकट विधान चुकीचे ठरते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर साध्या अल्फा-टोकोफेरॉलचा फारसा परिणाम दिसत नाही. गॅमा व डेल्टा टोकोट्रायनॉल मात्र एमसीएफ-७ (इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राही असलेल्या) आणि एमडीए-एमबी-२३१ (असे ग्राही नसलेल्या) या स्तनाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत जोपासलेल्या दोन्ही पेशीवाणांची वाढ रोखतात. म्हणजे हा परिणाम केवळ इस्ट्रोजेनच्या मार्गाने होत नाही. सर्वांत लक्षवेधी आहे ते अल्फा-टोकोफेरिल सक्सिनेट, म्हणजे सक्सिनेट गट जोडलेले अल्फा-टोकोफेरॉल. अल्फा-टोकोफेरॉलचे ऑक्सिडीकरणरोधी काम ज्या हायड्रॉक्सिल गटामुळे चालते, तोच गट येथे सक्सिनेटने झाकलेला असतो. हा अखंड रेणू पेशीच्या तंतुकणिकांमधील (ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमधील) दुसऱ्या श्वसनसंकुलात युबिक्विनोन या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूची जागा अडवतो. तेथे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि पेशी नियोजित मृत्यूकडे ढकलली जाते. ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या पदार्थाचेच हे रूप ऑक्सिडीकरणाच्या ताणाने पेशी मारते.

हे यश शरीरात उतरवणे अवघड आहे. सक्सिनेट तोंडाने घेतल्यास आतड्यातील विकरे त्याचे विघटन करतात आणि रक्तात पोहोचते ते साधे अल्फा-टोकोफेरॉल. टोकोट्रायनॉलची अडचण वेगळी : यकृतातील वाहक प्रथिन अल्फा-टोकोफेरॉललाच निवडून रक्तात पाठवते, बाकीच्या रूपांचा बराच भाग विघटित होऊन बाहेर पडतो. पेशींच्या बशीत वापरलेली मात्रा रक्तात टिकवणे त्यामुळे कठीण जाते.

मानवी चाचण्यांनीही आशा पुरी केलेली नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ स्टडी’त ३९,८७६ स्त्रिया होत्या, जीवनसत्त्व ई गटातील स्त्रियांना एक दिवसाआड ६०० आंतरराष्ट्रीय एकके देण्यात आली. सुमारे १० वर्षांनंतरही स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण घटले नाही. पुरुषांवरील ‘सिलेक्ट’ चाचणीत तर जीवनसत्त्व ईची रोज ४०० एकके घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

जास्त मात्रेत हे जीवनसत्त्व रक्त गोठण्यात अडथळा आणू शकते. वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांना हा धोका अधिक. कर्करोगावर उपचार चालू असताना त्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आधीपासून घेत असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगावे.