नळी, फरा आणि वाटी

मटणाच्या रश्श्यातली नळी कुणाच्या ताटात जाणार यावरून घरात पोरांची भांडणं होतात. मगज ओढून झाला की ती नळी टाकू नका, एकदा धुऊन नीट बघा. बाहेरची भिंत घट्ट, मधे मोकळी पोकळी, आणि टोकाजवळ भिंत पातळ होत जाऊन आत बारीक जाळी. आपल्या मांडीचं हाड याच ठेवणीचं आहे. तेवढ्याच वजनाची भरीव कांब वाकेल, तिथे पोकळ नळी तग धरते. बांबू आणि सायकलची दांडी यांची ताकदही त्यातच आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडं असतात. आकारावरून त्यांचे पाच गट करतात: लांब, आखूड, चपटी, वेडीवाकडी आणि तिळासारखी. ‘लांब’ या नावाने विद्यार्थी हमखास फसतात, कारण बोटांच्या पेरांतली इवलीशी हाडंही याच गटात येतात. मधे दांडा आणि दोन्हीकडे टोकं असली की हाड लांब, मग ते केवढंही असो. मनगटातली आठ हाडं मात्र खड्यांसारखी, म्हणून ती आखूड. खांद्याचा फरा, बरगड्या, कवटीचा माथा ही चपटी. मणके यांतल्या कुठल्याच साच्यात बसत नाहीत, म्हणून ते वेडेवाकडे.

ही वाटणी शिकताना प्राचीन शस्त्रवैद्य सुश्रुताची आठवण व्हायलाच हवी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, हाडांचे पाचच प्रकार आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. कपाल म्हणजे खापरीसारखी, रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे नाक-कानातली कूर्चा (हाडापेक्षा मऊ, वाकणारा भाग), वलय म्हणजे बरगड्यांसारखी वळलेली. आणि नलक? तीच आपली नळी. दात आणि कूर्चाही मोजल्यामुळे त्याची संख्या ३०० भरते.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्याच ग्रंथाच्या निदानस्थानातला, म्हणजे रोग ओळखण्याच्या भागातला, श्लोक: ‘तरुणास्थीनि नम्यन्ते भज्यन्ते नलकानि तु। कपालानि विभिद्यन्ते स्फुटन्ति रुचकानि तु॥’ कूर्चा वाकते, नळी मोडते, खापरी तडकते, दात फुटतो. शस्त्रवैद्याला आकार कशासाठी कळायला हवा, ते यात स्वच्छ दिसतं: आकारावरून मोडण्याची तऱ्हा कळते, आणि तऱ्हेवरून उपचार. आजच्या एक्स-रेमध्येही हेच दिसतं. नडगी आडवी किंवा तिरकी मोडते, कवटीला तडा जातो. उतारवयात ठिसूळ झालेला मणका मोडून दोन तुकडे होण्याऐवजी दबून चेपतो, म्हणून पाठीला पोक येतं.

गुडघा सुश्रुताने कपालात घातला होता, आणि मराठीतही आपण ‘गुडघ्याची वाटी’च म्हणतो. आजच्या वाटणीत ती तिळासारख्या हाडांत जाते, कारण ती मांडीच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, तयार होते. तान्ह्या बाळाच्या गुडघ्यात ती नुसती कूर्चा असते. तिच्यात हाड धरू लागतं ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी. ती कंडरेला सांध्यापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे तेवढ्याच जोरात पाय जास्त ताकदीने सरळ होतो. जमिनीवर पाय लांब करून बसा, मांडी सैल सोडा आणि वाटी बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा, सहज सरकेल. आता मांडी आवळा. वाटी वर ओढली जाऊन जागच्या जागी घट्ट बसते.