एनएफएस माउंट बॅकअपमधून मुळातच का वगळलेला असतो?

एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) म्हणजे दुसऱ्या मशीनवरची डिरेक्टरी नेटवर्कवरून आपल्या मशीनला जोडून, म्हणजे ‘माउंट’ करून, वापरायची सोय. नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरच्या पॉलिसीत ‘फॉलो एनएफएस’ नावाचा एक चौकोन असतो. आपण टिक करेपर्यंत तो रिकामाच. आयबीएमच्या टीएसएम या बॅकअप सॉफ्टवेअरमध्येही (आताचं नाव स्टोरेज प्रोटेक्ट) ‘ऑल-लोकल’ म्हटलं की त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्क तेवढ्या येतात. एनएफएस हवं असेल तर ‘ऑल-एनएफएस’ वेगळं लिहावं लागतं. हे ठाऊक नसलं की जॉब रोज हिरवा दिसतो आणि रिस्टोअरच्या दिवशी माउंटच्या जागी रिकामी डिरेक्टरी निघते. नव्या ॲडमिनला हा आडमुठेपणा वाटतो, पण त्याचं मूळ १९८५ सालात आहे.

त्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सचं एनएफएस बाजारात आलं. डिस्क महाग, म्हणून होम डिरेक्टऱ्या एका सर्व्हरवर ठेवायच्या आणि सगळ्या वर्कस्टेशननी त्या माउंट करायच्या. अशा पन्नास वर्कस्टेशनचा बॅकअप माउंट ओलांडून गेला, तर तोच डेटा पन्नासदा टेपवर जाणार. ज्याची डिस्क त्याचा बॅकअप, हा शिरस्ता तिथून पडला. युनिक्सच्या ‘डंप’ या बॅकअप कमांडला तर दुसरा मार्गच नव्हता: तो थेट डिस्कचं डिव्हाइस वाचतो, आणि एनएफएस क्लायंटकडे (माउंट करणाऱ्या मशीनकडे) ते नसतंच. एनएफएस घडवणाऱ्यांपैकी रसेल सँडबर्ग आणि बॉब लायन यांनी पुढे १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह लेगाटो ही कंपनी काढली. नेटवर्कर हे बॅकअप सॉफ्टवेअर मूळचं त्याच कंपनीचं.

घडी विस्कटली ती नेटॲपसारख्या कंपन्यांच्या डब्यांमुळे, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या तयार स्टोरेज यंत्रांमुळे (नेटॲप १९९२ ची). डिस्क डब्यात, पण डब्यावर बॅकअपचा एजंट (फाइली वाचून पाठवणारा प्रोग्राम) बसवता येत नाही. मग एखाद्या मशीनवर शेअर माउंट करून वाचायचा, आणि तिथून कटकटी सुरू. एजंट रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालतो. रूट स्क्वॅश या सुरक्षेच्या सेटिंगमुळे सर्व्हर त्याला ‘नोबडी’ (कसलेच अधिकार नसलेला वापरकर्ता) समजतो आणि ६०० परवानगीच्या, म्हणजे फक्त मालकाला वाचता येणाऱ्या, फाइलवर ‘परमिशन डिनाइड’. त्या एका बॅकअप होस्टपुरती सूट सर्व्हरच्या एक्सपोर्टमध्ये (कोणता शेअर कोणाला द्यायचा त्या यादीत) लिहावी लागते. हार्ड माउंट, म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत थांबून राहणारा माउंट, असेल आणि सर्व्हर गेला तर जॉब लटकणार. जुन्या लिनक्सवर तो ‘किल -९’ या सक्तीने बंद करणाऱ्या कमांडलाही दाद देत नसे. इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचा) बॅकअप म्हटलं तरी काय बदललं हे कळायला प्रत्येक फाइलची माहिती नेटवर्कवरून विचारायची. १९९५ च्या एनएफएस आवृत्ती ३ मधल्या ‘रीडडिरप्लस’ने नावांसोबतच ती माहिती मिळू लागली, तरी लाखो बारीक फाइलींचं झाड चालायला रात्र पुरत नाही. त्यात डब्याने ठेवलेल्या जुन्या प्रतींची ‘.स्नॅपशॉट’ डिरेक्टरी वगळायची राहिली, तर त्याही टेपवर.

यावर तोडगा म्हणून १९९६ मध्ये नेटॲप आणि इंटेलिगार्ड या कंपन्यांनी एनडीएमपी हा बॅकअपचा प्रोटोकॉल आणला. सॉफ्टवेअरने फक्त हुकूम द्यायचा, डेटा डबा स्वतः टेपवर लिहिणार. वेग छान, पण लिहिण्याची पद्धत ज्या त्या कंपनीची. नेटॲपचा डंप दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर उतरत नाही, आणि डबा बदलायची वेळ आली की हे फार महागात पडतं. माझ्या मते एनडीएमपीची खरी मेख हीच.

ॲमेझॉनचं ईएफएस, म्हणजे क्लाउडवरचा एनएफएस शेअर, २०१६ मध्ये खुलं झालं, तेव्हा तिथे एनडीएमपी नव्हताच. २०१९ मध्ये ॲमेझॉनची एडब्ल्यूएस बॅकअप ही सेवा येईपर्यंत पुन्हा माउंट करून कॉपी करणंच आलं. २०२० च्या वीम १० या बॅकअप सॉफ्टवेअरने शेअरलाच स्वतंत्र स्रोत मानलं, कोणत्या मशीनने तो कुठे माउंट केलाय याच्याशी संबंध न ठेवता. पन्नासदा कॉपीचा प्रश्न तिथे उरत नाही. रूट स्क्वॅशची सूट मात्र एक्सपोर्टमध्ये आजही लिहावी लागते.